दुसरा गिअर सुटायचा तेव्हा

यवतेश्वरच्या घाटात खाली सातारा दिसायला लागतो, त्या वळणावर पहिल्यांदा झालं. तिसऱ्यातून दुसऱ्यात आलो, रेस दिली, आणि पायाखाली ‘खट्ट’ होऊन इंजिन एकदम मोकळं ओरडलं. मोटारसायकलचा जोरच गेला. मागच्या जीपवाल्यानं हॉर्न दिला. पुन्हा दुसरा टाकला, गाडी चालली. आपलाच पाय अर्धवट पडला असेल, असं समजून मी पुढं गेलो. परतीला घाट उतरताना काहीच झालं नाही, त्यामुळं विसरलोही.

मी पशुधन पर्यवेक्षक आहे. कासच्या अलीकडच्या-पलीकडच्या वाड्यांवर जनावरं तपासायला आठवड्यातून तीन-चार वेळा घाट चढावा लागतो. गाडी २००५ सालची स्प्लेंडर प्लस, वडिलांनी घेतलेली. गाय अडलेली असताना गाडीनं घाटात दगा देणं परवडत नाही. पुढच्या पंधरा दिवसांत हेच सहा वेळा झालं, तेव्हा मी खिशातल्या वहीत लिहायला सुरुवात केली. जनावराचा आजार ओळखताना आम्ही आधी मालकाला विचारतो : कधीपासून, चारा खाल्ल्यावर की उपाशीपोटी, बसल्यावर की उठताना. गाडीलाही तेच विचारायचं ठरवलं.

आठवडाभराच्या नोंदीतून चित्र स्पष्ट झालं. सुटतो तो फक्त दुसरा. पहिला, तिसरा, चौथा कधीच नाही. सुटतो तो चढावर, रेस देताना. उतारावर दुसऱ्यातच गाडी धरून ठेवली, इंजिनानं ब्रेक लावल्यासारखी ओढ घेतली, तरी सुटत नाही. थंड-गरम इंजिनानं फरक पडत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं : दुसऱ्यात आल्यावर टाच दांडीवर तशीच दाबून ठेवली तर गिअर टिकतो, टाच उचलली की वीस-पंचवीस फुटांत सुटतो.

आमचे नेहमीचे मिस्त्री अनुभवी माणूस. त्यांनी गाडी फिरवून आणली आणि म्हणाले, “डॉक्टर, दात गेलेत त्याचे. अख्खा सेट टाका. पण आठ दिवस गाडी ठेवावी लागंल, माझ्याकडं आत्ता चार इंजिनं उघडी पडलीत.” आठ दिवस मला शक्य नव्हते. आणखीही एक गोष्ट मनात होती. सेट बदलून गाडी चालेल, पण झिजला कशानं हे कळलं नाही तर दोन वर्षांनी मी पुन्हा इथंच उभा. त्या दिवशी ठरवलं, रजा टाकून घरीच उघडायचं. मिस्त्रींना तसं सांगितलं. ते रागावले नाहीत. “अडलात तर फोन करा,” एवढंच म्हणाले, आणि क्लच खोलायचा चार दात्यांचा पाना फळीवरून काढून हातात दिला. तो पाना नसता तर मी पहिल्याच दिवशी अडलो असतो.

पण उघडण्याआधी जे बाहेरून तपासता येतं ते सगळं तपासलं. हा भाग लोक टाळतात आणि मग विनाकारण इंजिन उतरवतात. गिअर सुटल्यासारखं वाटण्याची कारणं गिअरबॉक्सच्या बाहेरही असतात. क्लच घसरत असेल तरी इंजिन ओरडतं आणि गाडी ओढत नाही. म्हणून सपाट रस्त्यावर चौथ्यात हळू चालवत एकदम रेस दिली. घसरणारा क्लच असा वरच्या गिअरमध्ये आधी उघडा पडतो. इथं आवाज आणि वेग बरोबरीनं चढले. क्लच बरा. चेन दाते सोडून उडी मारते तेव्हाही ‘खट्ट’ होतं. चेनकव्हर काढून मागच्या चक्रावर चेन बोटांनी मागं ओढून पाहिली, दात्यावरून उठत नव्हती. गिअरची दांडी शाफ्टवरच्या खाचांत ढिली असेल तर पाय पूर्ण पडूनही आतला शाफ्ट अर्धाच फिरतो. दांडीचा दहाचा बोल्ट आवळून पाहिला, घट्ट होता.

आता प्रश्न आतलाच. पण आत नेमकं कुठं? पायाच्या दांडीनं फिरून जो गिअर बदलतो त्या ड्रमला प्रत्येक गिअरच्या जागी थांबवणारी एक स्प्रिंगची छोटी दांडी असते, टोकाला रोलर असलेली. ती स्प्रिंग मेली असती तर सगळेच गिअर ढिले वाटले असते, कारण चारही गिअरांना ती एकच आहे. आजार एकाच गिअरचा असेल तर दोष सामाईक भागात नसणार. आणि जोर लावताना सुटतो, इंजिन ओढ घेताना सुटत नाही, म्हणजे दुसऱ्याच्या पकडीची एकच बाजू खराब आहे. एवढं कागदावर लिहून मग मी पान्याला हात घातला.

‘दात गेले’ हा शब्द सगळेच वापरतात, पण या गाड्यांत गिअर सुटण्याचा दातांशी सहसा संबंध नसतो. स्प्लेंडरच्या गिअरच्या डब्यात दोन शाफ्टांवरच्या चारही जोड्यांची दातेरी चाकं सदैव एकमेकांत अडकलेली असतात, न्यूट्रलमध्येसुद्धा. गिअर टाकताना दाते कधी जुळत-सुटत नाहीत. प्रत्येक जोडीतलं एक चाक शाफ्टवर मोकळं फिरत असतं. त्याच्या कडेला असलेलं चाक सरकून येतं, आपल्या बाजूच्या जाड खुंटांनी त्याला पकडतं आणि मग ती जोडी कामाला लागते. या खुंटांना मिस्त्री लोक ‘डॉग’ म्हणतात. सरकवण्याचं काम फोर्क, म्हणजे दोन टोकांचा चिमट्यासारखा तुकडा, करतो, आणि फोर्कला हलवतो तो खाचा पाडलेला ड्रम. पायाची दांडी फिरवते फक्त ड्रम. गिअर सुटतो म्हणजे डॉग निसटतो. आणि डॉग निसटायला दोन कारणं : त्याचा काठ गोल झाला, किंवा फोर्कनं त्याला पूर्ण आत पोचवलंच नाही.

पहिलं काम तेल काढणं. या इंजिनात इंजिनाचं आणि गिअरचं तेल एकच. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक परातीत ठेवून त्यावरून तेलाची धार सोडली. चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप बसतो, तो प्रत्येक गाडीत असतो, त्यानं घाबरायचं नाही. बोटांत चोळला तर कण लागत नाहीत. माझ्या चुंबकावर लेपाबरोबर बाजरीच्या दाण्याएवढे दोन तुकडे होते. एक बाजू खरबरीत, दुसरी आरशासारखी लख्ख. पोलाद होतं ते. उजवीकडचं कव्हर उघडून तळाची जाळी सरकवून काढली, तिच्यावर आणखी एक. जाळीनं ते अडवले हे नशीब, नाहीतर ऑईल पंपात गेले असते.

उजवीकडचं उघडलंच होतं, म्हणून क्लच काढून मागची स्टॉपरची, म्हणजे ड्रमला थांबवणारी, दांडी पाहिली. रोलर गुळगुळीत फिरत होता, स्प्रिंग कडक. कागदावरचा अंदाज बरोबर निघाला. आता इंजिन उतरवण्यावाचून गत्यंतर नव्हतं, कारण गिअर असतात चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांच्या पेटीच्या आत, आणि चेंबर दुभागल्याशिवाय ते दिसत नाहीत.

उतरवण्याचं फार सांगत नाही. सायलेन्सर, कार्बोरेटर, चेन, फूटरेस्टची पट्टी, वायरी, मग इंजिनाचे बोल्ट. मुलगा आठवीत आहे, त्यानं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. पडवीत जुनं पोतं अंथरून त्यावर ठेवलं. आईनं पोत्याखाली वर्तमानपत्रं घातली आणि “फरशीला डाग पडला तर पुसायचा तुम्हीच,” असं दोघांना बजावून गेली. हेड, सिलिंडर, पिस्टन काढले. मॅग्नेट, म्हणजे क्रँकच्या टोकावरचं वीज बनवणारं जड चाक, काढायला पुलर विकत आणला. हातोडीनं मॅग्नेट काढणारे पाहिलेत मी, पण क्रँकला धक्का बसतो, तसं करू नये.

एक युक्ती मात्र सांगतो. चेंबरचे आणि कव्हरांचे स्क्रू लांबीला सारखे नसतात. मुलानं पुठ्ठ्यावर कव्हराची बाह्यरेषा काढली, आणि निघालेला प्रत्येक स्क्रू पुठ्ठ्यावर त्याच जागी टोचून ठेवला. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर आतून चेंबर फोडतो, आखूड स्क्रू लांब भोकात गेला तर ॲल्युमिनियमचे आटे काढतो. तीन स्क्रू इतके जाम होते की स्टार पेचकसानं डोकी गोल व्हायला लागली. तिथं थांबून हातोडीनं मारायचा इम्पॅक्ट पेचकस आणला, दोन-दोन ठोक्यांत सुटले.

सगळे स्क्रू निघाले, तरी चेंबर उघडेना. रबरी हातोडीनं भोवतीनं ठोकलं, हलेना. अशा वेळी हात आपोआप मोठ्या स्क्रू ड्रायव्हरकडं जातो, फटीत घालून उचकटायला. त्या फटीच्या कडांवरच पॅकिंग बसतं, एक चरा पडला की आयुष्यभर तेल झिरपतं. मी पुठ्ठा मोजला. चित्रातलं एक भोक रिकामं होतं. चिखलाखाली एक स्क्रू दडून बसलेला. तो काढला, आणि पुढच्याच टिचकीला चेंबर सुटलं.

दोन्ही शाफ्ट आणि ड्रम एकत्रच वर उचलावे लागतात. ते तसेच उचलून स्वच्छ फडक्यावर ठेवले, आणि शाफ्टवरचं एकेक चाक, वायसर, सर्क्लिप (चाकाला जागेवर धरणारी, खाचेत बसणारी कडी) काढत गेलो ते तारेत त्याच क्रमानं ओवत. दिशाही महत्त्वाची असते, म्हणून प्रत्येक चाकाच्या वरच्या बाजूला मार्करनं ठिपका केला. डिझेलनं धुतलं. दाते पाहिले. सगळे सरळ, कडा शाबूत.

मग दुसऱ्याला पकडणारं चाक उन्हात धरलं. डॉगची एक बाजू कोऱ्या करकरीत काठाची, नख अडकावं अशी. दुसरी बाजू साबणाची वडी झिजावी तशी गोलावलेली, आणि त्या गोलाईवर आरशासारखी चकाकी. एका डॉगचा कोपरा तुटलेला. चुंबकावरच्या तुकड्यांची खरबरीत बाजू त्या तुटक्या जागी ठेवून पाहिली, जुळली. जोर द्यायची बाजू गेलेली, ओढ घ्यायची बाजू नवी. घाटातल्या वहीत लिहिलं होतं ते माझ्या हातात होतं. गोल काठ उताराचं काम करतो. इंजिनानं जोर लावला की पकड घट्ट होण्याऐवजी चाक त्या उतारावरून घसरून बाहेर फेकलं जातं. मी बराच वेळ ते चाक घेऊन बसलो होतो. मुलालाही दाखवलं. तो म्हणाला, “बाबा, पण एकच बाजू का?”

त्याचं उत्तर फोर्कमध्ये होतं. या इंजिनात दोन्ही फोर्क ड्रमवरच ओवलेले असतात. त्यातल्या एकाची टोकं एका बाजूनं निळी-काळी पडलेली. पोलाद तापलं की असा रंग येतो. नवा फोर्क आणल्यावर शेजारी ठेवून व्हर्नियरनं मापलं तर अर्ध्या मिलिमीटरहून जास्त झीज होती. तेवढं चाक जागेवर ढिलं हलत होतं, म्हणून डॉग पूर्ण आत न टिकता टोकाटोकांवरच पकडत होते, आणि टोकावर सगळा भार आला की ते गोल होणारच.

फोर्क तापला का? तो सतत फिरत्या चाकाला घासत होता म्हणून. आणि घासत का होता? ड्रम हातानं दुसऱ्याच्या जागी आणून, तिथून तिसऱ्याकडं किंचित रेटून पाहिला. नेमकी निळी पडलेली बाजूच चाकाला टेकली. या गाडीचे चारही गिअर पुढं दाबून पडतात. म्हणजे दुसऱ्यात असताना पंजा नुसता दांडीवर ठेवला तरी ड्रमवर तिसऱ्याकडचा ताण येतो, आणि फोर्क चाकाला पकडीतून बाहेर ओढत राहतो. पूर्ण निघेल एवढा नाही, पण घासत राहील एवढा. घाटात मी पंजा दांडीवर ठेवूनच चालवतो. कितीतरी वर्षं. वडील चालवत होते तोवर त्यांनी कधी तसं केलं नाही. त्यांचा पाय कायम फूटरेस्टवर असायचा, मला तो आजही दिसतो.

पोवई नाक्यावरून सुटे भाग आणले. मिस्त्रींनी सांगितलं होतं तसा पूर्ण सेट घेतला नाही, पण एकच चाकही घेतलं नाही. डॉगचं चाक आणि तो ज्यात अडकतो ते चाक, दोन्ही घेतली. एक नवं आणि एक झिजलेलं एकत्र घातलं तर झिजलेलं नव्याला आपल्यासारखं करतं. शिवाय फोर्क, सगळ्या सर्क्लिप, ऑईल सील आणि पॅकिंग किट. सर्क्लिप जुन्या पुन्हा घालू नयेत, काढताना त्या फाकतात. आणि सर्क्लिपला दोन बाजू असतात : एका बाजूची कड किंचित गोल, दुसरी धारदार. गोल बाजू चाकाकडं, म्हणजे रेटा येतो त्या बाजूला, आणि धार रेट्यापासून लांब. उलट बसली तर ती खाचेतून चढून बाहेर यायला बघते.

जोडताना एक पातळ वायसर तारेत कमी भरली. सुट्या भागांच्या चित्रात शाफ्टच्या टोकाला ती दिसत होती, माझ्याकडं नव्हती. धुताना हरवली असं समजून नवी आणली, घातली. सगळं नीट बसलं. वीस सीसीच्या सिरिंजनं प्रत्येक बेअरिंगवर, खाचेवर, डॉगवर तेल सोडलं. चेंबर बंद करून स्क्रू थोडे-थोडे, कोपऱ्यासमोरचा कोपरा असे आवळत गेलो, आणि दर फेरीला चेनचक्राचा शाफ्ट हातानं फिरवून पाहिला. शेवटच्या फेरीत तो जड झाला. आणखी पाव फेरा दिला, तर जामच.

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. असू दे, चालल्यावर मोकळा होईल, असं एक क्षण वाटलं. पण शाफ्ट हातानं फिरत नसेल तर इंजिननं फिरवल्यावर काय होईल, हे दिसत होतं. पुन्हा सगळे स्क्रू काढले. नवं पॅकिंग फाटलं. शाफ्ट उचलले, बॅटरी घेऊन चेंबरच्या आत पाहिलं. बेअरिंगच्या तोंडाशी तेलाचा चकचकीत पडदा होता. आर्टरी फोर्सेपचं, म्हणजे शस्त्रक्रियेच्या चिमट्याचं, टोक कडेला लावलं आणि पडद्याबरोबर एक पातळ चकती उचलून आली. हरवलेली वायसर. उचलताना ती शाफ्टबरोबर वर आलीच नव्हती, तेलानं तिथंच चिकटून राहिली होती. मी दुसरी घातल्यामुळं त्या टोकाला दोन झाल्या, आणि चेंबर आवळल्यावर शाफ्टला हालायला जागाच उरली नाही. म्हणून सांगतो, वायसर कमी भरली तर नवी आणायच्या आधी दोन्ही चेंबरांत बोट फिरवून पाहा.

दुसऱ्या दिवशी दुसरं पॅकिंग, पुन्हा सगळं. या वेळी शाफ्ट शेवटच्या स्क्रूपर्यंत लोण्यासारखा फिरला. ड्रम हातानं फिरवत न्यूट्रल ते चौथा आणि परत, असं दहा वेळा केलं. दुसऱ्याचा ‘टक’ आता बाकीच्यांएवढाच भरीव येत होता. पुढचं काम नेहमीचं : टायमिंग चेन चढवताना मॅग्नेटवरची ‘टी’ खूण चेंबरच्या खुणेसमोर आणि वरच्या चक्राची ‘ओ’ खूण हेडच्या खाचेसमोर. टॅपेटचं झाकण उघडं ठेवून इंजिन मंद चालू केलं आणि वर तेल येतंय याची खात्री करून मगच झाकण लावलं. तेल मोटारसायकलचंच भरलं, जासो एमए लिहिलेलं. याच तेलात क्लचच्या प्लेटी बुडालेल्या असतात, त्यामुळं चारचाकीचं तेल इथं चालत नाही.

मिस्त्रींना पाना परत द्यायला गेलो तेव्हा जुनं चाक आणि फोर्क बरोबर नेले. त्यांनी हात पुसून चाक घेतलं, डॉगवरून अंगठा फिरवला, मग फोर्क पाहिला. “पाय ठेवता का दांडीवर?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते चाक त्यांनी मागून घेतलं, आपल्याकडच्या पोराला दाखवायला.

सोमवारी सकाळी यवतेश्वर चढलो. त्या वळणावर मुद्दाम दुसऱ्यात आणून पूर्ण रेस दिली. गाडी ओढत गेली, वरच्या देवळापर्यंत. पायाला सवय होती, पंजा तीनदा दांडीवर गेला, तीनदा खाली घेतला. संध्याकाळी घरी आल्यावर गिअरची दांडी काढून शाफ्टवर एक खाच वर चढवून बसवली. आता पंजा सहज ठेवला तर फूटरेस्टवरच येतो, दांडीवर ठेवायला मुद्दाम उचलावा लागतो.

तीनशे किलोमीटरनंतर तेल पुन्हा काढलं, त्याच परातीत, त्याच चुंबकावर. करडा लेप होता. दोन बोटांत चोळून पाहिला. कण लागला नाही. मुलानंही चोळून पाहिला आणि बोटं पडवीच्या भिंतीला पुसली.